भागिले वजन

९ जानेवारी

पहिला दिवस. हात इतक्यांदा धुतले की बोटांची सालं निघायचीच बाकी आहेत.

कागदावर माझा प्रबंध फार सोज्वळ दिसतो. अठरा ते पंचवीस वयाची मुलं-मुली घ्यायची. त्यांचं वजन करायचं. मग नाकाला चिमटा, तोंडात रबरी नळी आणि समोर लाकडी पायरी. ठोका वाजेल तसं वर-खाली करत राहायचं, दम संपेपर्यंत. सोडलेला श्वास नळीतून मोठ्या पिशवीत जमतो. तो मोजला की शरीराने मिनिटाला किती प्राणवायू वापरला ते कळतं. त्याला वजनाने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे त्या माणसाचा दम. हृदय आणि फुप्फुसं मिळून किलोमागे किती चालतात, ते. आकडा मोठा तर माणूस धडधाकट. प्रत्येकाने महिन्यातून एकदा यायचं, असं आठ महिने. वजन बदलतं तसा दम कसा बदलतो ते मांडायचं आणि नावापुढे डॉक्टर लावायचं.

प्रत्यक्षात लाळ. लाळेबद्दल सरांनी मुलाखतीत चकार शब्द काढला नव्हता. नाक बंद आणि तोंडात रबर असलं की लाळ थांबत नाही. हनुवटीवरून ओघळते, गळ्यात जाते, पायरीवर ठिबकते. आज आलेल्यांपैकी एक मुलगा इतका अगडबंब होता की तो आधी खाली उतरायचा आणि त्याचं पोट मागाहून. नळी काढली तेव्हा तिच्याबरोबर लांब तार आली. मला शिसारी आली आणि ती मी लपवलीही नाही. त्याने ते पाहिलं. पाहू दे, कधीतरी कुणीतरी त्याला सांगायलाच हवं.

वापरलेली नळी तासभर जंतुनाशकाच्या बादलीत, हा सरांचा नियम. जाड्यांच्या नळ्या मी दोन तास ठेवल्या.

माझ्या जोडीला सरांनी आणखी एक संशोधक दिली आहे. ती रोज सकाळी यंत्र ठीक चालतंय का ते बघायला स्वतःच पायरीवर चढते, आणि पायरीला काय वाटत असेल ते पायरीच जाणे. घामाघूम होते, मग खो खो हसते, मग डबा उघडते. इथे मी तिला गादी म्हणणार. वही माझी आहे.

११ जानेवारी

धाकट्यालाही अभ्यासात घेतलं. एकवीस वर्षांचा आहे, नियमात बसतो. त्याला बोटीवर इंजिनखोलीत नोकरी हवी आहे. कंपनीची तपासणी सप्टेंबरात आहे आणि दमाचा अहवाल त्यांना लागतोच. एका दगडात दोन पक्षी.

आकडा चाळीस. वाईट नाही, पण भावाकडून मला चाळीस नको आहे.

हे आज लिहूनच टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. बाबा बावन्नाव्या वर्षी आमच्या जिन्यात बसले ते उठले नाहीत. त्यांना चार मजले खाली न्यायला सहा माणसं लागली आणि वळणावर अडकल्यावर त्यातला एकजण हसला. मी वरून पाहत होते. धाकटा माझ्या शेजारी उभा होता, तेव्हा तोही गोल गरगरीत. बाबा त्याला बटाट्या म्हणायचे. मी त्याच दिवशी ठरवलं की याला कुणी असं उतरवणार नाही. लोणी बंद केलं, साखर बंद केली, पहाटे पळायला लावलं. दोन वर्षं तो रडला, चिडला, चोरून खाल्लं, पण आता बऱ्यापैकी माणसात आलाय.

८ फेब्रुवारी

धाकट्याचं वजन उतरलं, आकडा चढला. मी खोलीतच टाळी वाजवली. लाजला, पण आवडलं त्याला. नळी तोंडातून काढायच्या आधीच हातवारे करून विचारत होता, किती, किती?

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणते, "पोराची गालफडं बसलीत, ती दिसत नाहीत का तुला?"

आईच्या मते गाल म्हणजे तब्येत. बाबांना गाल भरपूर होते. हे तोंडावर आलं होतं, गिळलं.

१५ मार्च

माणसाला सवय लावली की लागते, यावर माझा आता विश्वास बसलाय. आमचा हा दिवटा, जो ओला टॉवेल पलंगावर फेकायचा आणि माझ्या पेल्यातून पाणी प्यायचा, त्याने स्वतःचं ताट-पेला वेगळा केलाय. कुणी सांगितलं नव्हतं. उशीचा अभ्रा दिवसाआड स्वतः धुतो. रुमालही. न्हाणीघरात गेला की नळ सोडून ठेवतो, आतले आवाज बाहेर येऊ नयेत म्हणून. खोलीची खिडकी उघडी टाकून झोपतो.

"कसली अवदसा आठवलीय याला?" आई म्हणाली.

"अवदसा नाही, स्वच्छता म्हणतात त्याला," मी म्हटलं. तो हसला आणि खाली मान घालून जेवत राहिला. म्हणजे चिवडत राहिला. तेही चांगलंच. बकाबका खाणारी माणसं समोर असली की मी ताट उचलून दुसरीकडे जाते.

७ एप्रिल

गादीने आज डोकं फिरवलं.

तिचा स्वतःचा आकडा तिसाच्या आसपास आहे. साहजिक आहे. पण आज सरांपुढे म्हणते कशी, "सर, भागाकारामुळे गडबड होतेय. मी मिनिटाला जेवढा प्राणवायू वापरते तेवढा इथे फार थोडे वापरतात. मी रोज पायरीवर चढते, माझं हृदय चांगलं चालतं. पण भागायला वजन मोठं आलं की उत्तर लहान येणारच. आणि एखाद्याचं नुसतं वजन घटलं तरी आकडा वाढेल, मग त्याचा दम वाढो न वाढो. आपण आलेख भागाकार न करता पण काढायला हवेत."

नाचता येईना अंगण वाकडं! आपली चरबी लपवायला बाईसाहेब आता गणितच बदलणार.

मी म्हटलं, "पायरी चढताना वजन घरी ठेवून येता येतं का? स्वतःचं ओझं स्वतःलाच वाहायचं असतं. म्हणून भागायचं."

सर म्हणाले, "दोघींचं बरोबर आहे." सरांचं हे नेहमीचंच. कुणाला दुखवायचं नाही आणि चहा प्यायचा. शेवटी ठरलं की आलेख नेहमीसारखेच काढायचे, हिला हवे असतील तर हिने फावल्या वेळात दुसरे काढावेत. काढ म्हणावं. तेवढ्या वेळात डबा तरी बंद राहील.

२ मे

आज एकाने नळीत ढेकर दिली. पिशवीत जमा झाली. ती मला मोजावी लागली. अधिक लिहवत नाही.

१९ मे

धाकट्याने आज ताट अर्धं ठेवलं आणि म्हणाला, "भूक नाही." आमच्या घराण्यात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं असावं.

आईने त्याच्यापुढे दोन उकडलेली अंडी सरकवली, वर लोण्याचा गोळा. मी लोणी उचलून फेकलं. तिथून जी जुंपली ती जुंपली. आई म्हणाली, "तुझ्या बापाचा राग त्या पोरावर काढतेस." मी म्हटलं, "बापासारखा जाऊ नये म्हणून करतेय." धाकटा मध्ये पडला, "भांडू नका ना, मी खातो," आणि एक अंडं तोंडात कोंबलं. थोड्या वेळाने न्हाणीघरात गेला आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. पाण्याची नासाडी करतो हे मात्र त्याला सांगायला हवं.

संध्याकाळी अंग जरा गरम लागलं त्याचं. दिवसभर पळतो, उन्हातून येतो, लागणारच.

१२ जून

आज रांग लागली होती आणि जंतुनाशक संपत आलेलं. धाकट्याची चाचणी झाल्यावर त्याची नळी मी नुसती पाण्याखाली धरली आणि ठेवून दिली. घरचाच मुलगा, सडसडीत, स्वच्छ, लाळ म्हणून गाळत नाही. उरलेलं जंतुनाशक मी पुढच्या दोन जाड्यांसाठी राखून ठेवलं.

गादीने पाहिलं. "त्याची नळी बादलीत का नाही टाकलीस?"

"माझा भाऊ आहे तो."

"वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. जंतूंना नातं कळतं होय?"

एवढं बोलून तीच नळी तिने उचलली. यंत्राचा एक खटका अडकत होता, तो तपासायला तिला लगेच पायरीवर चढायचं होतं. मी म्हटलं, थांब, दुसरी घे. तर म्हणे, "तू म्हणतेस ना स्वच्छ आहे?" आणि घातली तोंडात. मला चिडवायला. बाईला किळस म्हणून माहीत नाही.

धाकट्याचा आकडा पंचेचाळीस! अख्ख्या अभ्यासात एवढी सुधारणा कुणाचीच नाही.

२६ जून

सरांनी आज विभागात माझं काम सगळ्यांपुढे मांडलं. मोठ्या पडद्यावर धाकट्याची रेघ, जानेवारीपासून जूनपर्यंत वर वर चढणारी. नाव नव्हतं, पण मला माहीत होतं ना. सर म्हणाले, "वजन आटोक्यात आणलं तर तरुण शरीर काय करू शकतं, याचं हे उत्तम उदाहरण." माझ्या डोळ्यात पाणी आलं. बाबा गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन धाकट्याला सगळं सांगितलं. अंथरुणावर पडला होता. "माझी रेघ होती?" म्हणाला. "सगळ्यांत वर?" मी म्हटलं, सगळ्यांत वर. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. कॉलरमधून त्याची मान किती बारीक दिसते आता! शर्ट नवे घ्यायला हवेत.

१० जुलै

चाचणी. आकडा तसूभर आणखी वर. पण आज धाकट्याने नाटकच केलं. पायरीवरून उतरला तो खालीच बसला, भिंतीला टेकून, गुडघ्यात डोकं. घाम असा की टाइलवर ओला ठसा उमटला. गादी धावत गेली, त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली, पाणी पाजलं. परक्या मुलाच्या घामट पाठीवर हात! मला बघवेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही ताई, बूट सोडतोय," म्हणाला. बूट सोडतच नव्हता. मग तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला.

गादी माझ्याकडे वळली. "अगं, याला डॉक्टरकडे ने. पाठीवर हात ठेवला तर बरगड्या लागल्या हाताला. तू कधी ठेवलास?"

"तुला बरगड्यांची सवय नाही, म्हणून दचकलीस," मी म्हटलं.

ती यावर हसली नाही. एरवी ती कशावरही हसते.

१८ जुलै

सगळं लिहायचं आहे. क्रमाने लिहिते.

दुपारी गादीने तिचे आलेख माझ्या टेबलावर आणून ठेवले. भागाकार न केलेले. फक्त कुणी किती प्राणवायू वापरला, एवढंच. बहुतेक रेघा आडव्या, काही किंचित वर. तिची स्वतःची वर, अगदी ठसठशीत. एकच रेघ जानेवारीपासून खाली खाली येत होती. कुणाची ते तिने सांगितलं नाही, बोटही ठेवलं नाही. चहा आणायला म्हणून निघून गेली.

मी म्हटलं, नळी गळत असणार. पिशवी आणि नळी उतरवली, सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावून हवा सोडली. कुठे बुडबुडा नाही. दुसऱ्यांदा केलं. नाही. मग वाटलं, गादीनेच बेरजेत घोटाळा केला असेल. मूळ आकडे काढून स्वतः मांडले. रेघ तशीच आली.

दर महिन्याला धाकट्याचा श्वास कमी होत होता. वजन त्याहून जास्त घटत होतं, म्हणून भागाकार वाढत होता. मी त्याच्यावर टाळ्या वाजवत होते.

सगळं समजलं असं मला वाटलं, पण कुठलं समजलंय! घरी येताना मी हाच विचार करत होते की याला फार पळवलं, आता आठवडाभर विश्रांती देऊ, थोडं लोणीही देऊ.

घरी तो न्हाणीघरात होता. नळ चालू. आई स्वयंपाकघरात. मी बाहेर उभी राहून म्हटलं, "आटप, मला हात धुवायचेत." तेवढ्यात इमारतीचं पाणी गेलं. जातं अधूनमधून. नळाने दोन आचके दिले आणि बंद पडला.

आतून खोकला ऐकू आला. थांबतच नव्हता. मध्ये श्वास ओढल्याचा आवाज यायचा, तो ओल्या फडक्यातून हवा ओढल्यासारखा, आणि पुन्हा खोकला. आई हातात उलथनं घेऊन येऊन उभी राहिली. आम्ही दोघी दाराबाहेर आणि तो आत. त्याला कळलं होतं की नळ बंद झालाय, पण खोकला त्याला थांबवता येईना.

दार उघडलं तेव्हा तोंड धुण्याच्या भांड्यात लाल होतं. पाणी नव्हतं म्हणून वाहून गेलं नव्हतं.

मी काय केलं ते लिहितेच. मी एक पाऊल मागे गेले. आई पुढे गेली.

१९ जुलै

इस्पितळ. छातीचा फोटो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढीच असेल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने फोटो दिव्यापुढे धरला आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या अंगाला पेनाचं टोक लावलं.

"थुंकी तपासू, पण मला शंका नाही. क्षय आहे. बरा होईल. औषधं मात्र सहा महिने, एक दिवसही न चुकता. एवढा भाग नीट भरून येईल असं सांगत नाही, उशीर झालाय." मग तिने विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

मी सांगितलं. जानेवारीपासून प्रत्येक महिन्याचं, तोंडपाठ. ती लिहीत होती. लिहिताना थांबली.

"माझ्याकडे इतके व्यवस्थित आकडे घेऊन आजवर कुणी आलं नाही," ती म्हणाली. "दर महिन्याला मोजत होतात, तर मग आणलं का नाहीत?"

मी म्हटलं, "तो सुधारत होता." हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं देव जाणे. तिने तेही लिहून घेतलं.

मग तिने धाकट्याला विचारलं, "तू का लपवलंस? बोटीच्या नोकरीसाठी?"

"आधी त्यासाठी," तो म्हणाला. "नंतर ताई खूश होती."

आई बाकावर बसली होती. ती माझ्याकडे वळून काही बोलेल असं वाटलं. तिने उठून धाकट्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं, की त्याच्या जवळ कोण कोण राहतं, कुणाबरोबर बंद खोलीत वेळ घालवतो, त्याचं काही उष्टं कुणी तोंडात घातलंय का.

२७ जुलै

थुंकीत जंतू निघाले. चार दिवस मी फोन करतेय. त्याच्या चाचणीच्या दिवशी जो जो प्रयोगशाळेत होता त्याला. "तुम्ही आमच्या अभ्यासात होतात. माझ्या भावाला क्षय निघालाय, तुम्हाला एक तपासणी करून घ्यावी लागेल." पोट मागाहून उतरणारा तो मुलगा पहिल्यांदा काय म्हणाला? "ताई, तुमचा भाऊ कसा आहे?" मी त्याला तपासणीचा पत्ता सांगितला.

सरांनी अभ्यास थांबवला. नळ्यांबद्दल विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. पहिल्यांदा मी सरांना कुणाला तरी दुखावताना पाहिलं.

सगळ्यांच्या हातावर टोचून बघतात, फुगलं तर जंतू शिरलेत. तिघांचा फुगला. एक मी. एक भट्टीपुढे उभा राहिल्यासारखा सतत घाम पुसणारा मुलगा, ज्याच्या नळ्या मी दोन दोन तास बुडवत होते. एक गादी. आजारी कुणी नाही, पण तिघांनाही कित्येक महिने गोळ्या.

नळीतून गेला की खोलीतल्या हवेतून, ते कुणी सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गादीला मी हेच सांगायला गेले. ती टेबल आवरत होती. बाहीखाली हात लाल झालेला दिसत होता.

"ती नळी मी माझ्या हाताने घेतली, तू दिली नाहीस," ती म्हणाली. "त्याचं मी तुला काही म्हणत नाही. पण तू या खोलीत माणसांकडे कशी बघायचीस, ते सगळ्यांना दिसायचं. पोरं पायरीवर चढण्याआधी तुझं तोंड बघायची. एक मुलगी इथून जाऊन रडली, दोन दिवस जेवली नाही. तुला ठाऊक तरी आहे? मी हसायचे, कारण हसले नसते तर तुझ्या थोबाडीत मारली असती. मला तुझी किळस येते."

ती खरंच थांबून, शब्द निवडून बोलली. मग डबा पिशवीत टाकला आणि गेली.

मला राग आला, हेही लिहिते. जिन्यात मला राग आला आणि घरी पोचेपर्यंत तो टिकला नाही.

१४ ऑगस्ट

गोळ्यांनी तोंडाला कडवट चव. लघवी केशरी. धाकट्याचीही. आता आमच्यात एवढं तरी साम्य आहे.

तो माझ्याशी नीट बोलतो, पूर्वीसारखाच, थट्टा करतो. पण मी खोलीत शिरले की आवरून बसतो. रुमाल उशीखाली सारतो. खोकला आला तर थांबवायला बघतो, मान लाल होते, डोळ्यांत पाणी येतं. मी म्हणते, खोक की मनमोकळं. तो म्हणतो, "काही नाही ताई, गेला." गेलेला नसतो.

आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते आणि तिच्यापुढे तो कसाही खोकतो.

२१ सप्टेंबर

थुंकी स्वच्छ आली. हे आधी लिहून टाकते, कारण दुपारी निरोप आल्यापासून हेच वाक्य डोक्यात फिरतंय. दोन महिन्यांच्या औषधांनी जंतू दिसेनासे झाले. फुप्फुसाचा तेवढा कोपरा गेला तो गेला, बोटीची तपासणीही काल त्याच्याशिवाय झाली, पण माझा भाऊ जगणार आहे. आई खाली जाऊन अनोळखी माणसांना सांगून आली.

आता काल सकाळचं.

नमुना सकाळच्या पहिल्या थुंकीचा लागतो, खोल छातीतून काढलेल्या. इस्पितळामागच्या उघड्या जागेत, भिंतीकडे तोंड करून द्यायचा असतो. आईचा गुडघा धरला होता म्हणून मी गेले. डॉक्टरीणबाईंनी लहान रुंद तोंडाची बाटली दिली आणि म्हणाल्या, वरवरची लाळ नको, मागच्या वेळी कमी पडली होती. त्याचे हात थरथरतात, तुम्ही धरा.

मी धरली.

त्याने दोनदा प्रयत्न केला, आलं नाही. "ताई, तू आत जा ना," म्हणाला. "मी करतो." मी म्हटलं, नाही, धरते. तो म्हणाला, "जा ना." मी गेले नाही. मग त्याने खोल श्वास घेतला, छाती घरघरली आणि खालून काहीतरी सुटत वर येतंय हे मला शेजारी उभं राहून ऐकू आलं. घट्ट, पिवळसर, बाटलीच्या काठाला चिकटून खाली उतरलं. थोडं माझ्या अंगठ्यावर आलं. गरम होतं.

मी काही बदलले वगैरे नाही, मला भयंकर किळस आली, पोटापासून आली.

त्याने बाटलीकडे पाहिलंच नाही. ओठ पुसले नव्हते, दम लागलेला होता, आणि तो सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी तोंड सरळ ठेवलं. निदान ठेवायचा प्रयत्न केला. जमलं का, ते त्यालाच माहीत, आणि त्याला विचारायची माझी हिंमत झालेली नाही.